हॅमिल्टनची वाळू पुण्यात बसून तपासणाऱ्या अभियंत्यांना खुले पत्र

प्रिय मित्रमैत्रिणींनो,

मोठ्या सल्लागार कंपन्यांच्या पुण्या-मुंबईतल्या डिझाइन सेंटरमध्ये बसून तुम्ही न्यूझीलंडमधल्या जमिनींचे लिक्विफॅक्शन, म्हणजे भूकंपात होणारे मातीचे द्रवीकरण, तपासता. तुमची नावे मला रिपोर्टच्या शेवटच्या रकान्यात दिसतात आणि आडनावांवरूनच कळते की पलीकडे आपलीच मंडळी आहेत. इथे संध्याकाळी आम्ही सीपीटीच्या, म्हणजे जमिनीत कोन ढकलून तिचा रोध मोजणाऱ्या चाचणीच्या, फाइली चढवतो तेव्हा तुमचा दिवस नुकताच सुरू झालेला असतो. दुसऱ्या दिवशी आम्ही ऑफिसला पोचतो तेव्हा आलेख, तक्ते आणि लाल-हिरवे पट्टे तयार असतात. मी मूळची कराडची. शिक्षण तिकडेच झाले, नोकरी हॅमिल्टनला. तुम्ही करता तेच काम मी करते, फरक एवढाच की ती वाळू मला हातात घेता येते आणि तुम्हाला येत नाही. म्हणूनच हे पत्र.

म्हणणे थेट सांगते. न्यूझीलंडच्या वायकाटो (हॅमिल्टन याच भागात) आणि बे ऑफ प्लेंटी या दोन भागांतल्या वाळूत प्यूमिस, म्हणजे ज्वालामुखीतून आलेला सच्छिद्र, हलका दगड, असतो. तुमच्या सॉफ्टवेअरमधली पद्धत प्यूमिसच्या वाळूसाठी बनलेलीच नाही. तरीही फाइल उघडते, गणित सुटते, सुरक्षा गुणांक (जमिनीचा रोध भूकंपाच्या ताणाच्या किती पट आहे तो आकडा) छापला जातो, आणि कोणी शंका काढलीच तर एक ठरलेले उत्तर मिळते: "प्यूमिसमध्ये सीपीटीचा आकडा कमी येतो, म्हणजे आपण सुरक्षित बाजूलाच आहोत." हे उत्तर चुकीचे आहे. का, ते जरा सविस्तर लिहिते, कारण हे वाक्य आता इतके रुळले आहे की अनुभवी माणसेही ते न तपासता पुढे ढकलतात.

आधी ही वाळू आली कुठून ते पाहू. आपण वाढलो तोही मुलूख ज्वालामुखीचाच. पण दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांतून वाहत आला, थरावर थर पसरला, थंड होऊन बेसाल्ट झाला. त्यावर आपला मुरूम आणि काळी माती. कोयना किंवा किल्लारी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात ती कोसळलेली दगडमातीची घरे. जमिनीतून वर उसळलेली वाळू आपण पाहिली ती २००१ साली कच्छच्या रणात, आणि तीही ज्वालामुखीची नव्हती. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचा टाउपो हा वेगळ्याच जातीचा ज्वालामुखी. त्याचा रायोलाइटी शिलारस घट्ट आणि वायूने भरलेला. तो वाहत नाही, फुटतो. सुमारे २५,५०० वर्षांपूर्वीच्या ओरुआनुई उद्रेकात तिथून हजार घन किलोमीटरहून अधिक राख आणि प्यूमिस बाहेर पडला. वायकाटो नदी पूर्वी हौराकीच्या बाजूने समुद्राला मिळत असे. या गाळाच्या लोंढ्यांनी तिचे पात्र भरत गेले आणि पुढे ती हॅमिल्टनच्या खोऱ्यात वळली. तिने इथे आणून टाकलेल्या वाळू, गाळ आणि खडीच्या थरांना हिनुएरा फॉर्मेशन म्हणतात. आजचे हॅमिल्टन शहर बव्हंशी त्यावर उभे आहे. नंतर इ.स. २३२च्या सुमारास टाउपो पुन्हा फुटला आणि नदीकाठच्या खालच्या पायऱ्यांवर प्यूमिसचा आणखी एक, बराच कोवळा थर बसला.

म्हणजे बोअरलॉगवर (बोअरमधल्या थरांच्या नोंदीवर) नुसते 'वाळू' लिहिलेले असले तरी ती २० हजार वर्षे मुरलेली वाळू आहे की १८०० वर्षांची, हे आधी नकाशावर पाहावे लागते. शिवाय हिनुएराच्या थरांत प्यूमिस सगळीकडे सारखा नसतो. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, रायोलाइटचे तुकडे, मध्येच पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर. एका थरात प्यूमिस भरपूर आणि हातभर खाली जवळजवळ नाहीच, असे आम्ही नेहमी पाहतो.

आता तुम्हाला फाइलमधून कधीच कळणार नाही असे काही. नमुन्याची पिशवी उघडली की ही वाळू फिकट राखाडी, किंचित पिवळसर दिसते. पिशवी हातात घेतली की पहिली जाणीव वजनाची होते. एवढ्या आकाराच्या ओल्या वाळूची पिशवी जड हवी, ही नाही. चिमूटभर वाळू पाण्याच्या पेल्यात टाकली तर काही कण लगेच तळाला जातात, काही तरंगत राहतात आणि पोकळ्यांत पाणी शिरेल तसे रेंगाळत खाली बसतात. मोठा कण अंगठ्याच्या नखाखाली दाबला की कच् करून फुटतो आणि बोटावर काचेची चमकदार पूड उरते. भिंगाखाली पाहिले तर प्रत्येक कणात नळ्या आणि बुडबुडे. काही पोकळ्या बाहेर उघडणाऱ्या, काही चारी बाजूंनी बंद. पुण्यात प्रयोगशाळेत हाताळलेली कुठलीही वाळू आठवा. त्यातला कण नखाने फुटला होता का?

सीपीटीचा कोन सेकंदाला २ सेंटिमीटर वेगाने जमिनीत ढकलला जातो. साध्या, कठीण कणांच्या वाळूत कोन पुढे सरकायचा तर कणांना एकमेकांवरून चढून बाजूला व्हावे लागते. वाळू दाट असेल तर ते अवघड, सैल असेल तर सोपे. म्हणून टोकाचा रोध, आपला क्यूसी, घनतेची खबर देतो, आणि घनतेवरून द्रवीकरणाची. सगळी इमारत या एका धाग्यावर आहे. प्यूमिसमध्ये तो धागाच तुटतो. कोनाच्या टोकाशी दाब इतका असतो की कण सरकण्याआधी फुटतात. कुरमुऱ्यांच्या पोत्यात काठी खुपसून पाहा. पोते ठासून भरलेले असो की सैल, काठीला विरोध होतो तो कुरमुरा चुरडण्यापुरताच. ऑकलंड विद्यापीठात लॉरी वेस्ली, मायकेल पेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या टाकीत प्यूमिसची वाळू सैल आणि दाट अशा दोन्ही प्रकारे भरून त्यात कोन ढकलला होता. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामाचा निष्कर्ष असा की दोन्हींच्या क्यूसीत नाव घेण्यासारखा फरक पडत नाही, आणि दोन्ही आकडे क्वार्ट्झच्या दाट वाळूपेक्षा फार खाली राहतात. एसपीटी या दुसऱ्या चाचणीत नळी घणाच्या ठोक्यांनी खाली घालतात आणि ठोके मोजतात. ते ठोकेही कण फोडतच खाली जातात, त्यामुळे त्या मोजणीकडे, म्हणजे एन-मूल्याकडे, वळून सुटका होत नाही.

भूकंपात मात्र कोणी कोन ढकलत नसते. जमीन पुढे-मागे घुसळली जाते, कणांमधल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि कणाकणांतला संपर्क सुटू लागतो. प्यूमिसचे कण खडबडीत, कोनेदार, एकमेकांत अडकलेले असतात. ते इतक्या सहज सुटत नाहीत. ऑकलंड विद्यापीठाचेच रोलांडो ओरेन्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीतून शक्य तितके अबाधित नमुने काढून त्यांवर चक्रीय भाराच्या चाचण्या घेतल्या. त्यात दिसलेला रोध सीपीटीवरून काढलेल्या रोधापेक्षा बराच जास्त होता. "आपण सुरक्षित बाजूला आहोत" या वाक्याचा जन्म इथला. तेवढ्यापुरते ते खरेही आहे.

पण सॉफ्टवेअर क्यूसी एकाच ठिकाणी वापरत नाही. चुका पुढे सुरू होतात, आणि त्या उलट्या दिशेच्या आहेत.

पहिली चूक घनभाराची, म्हणजे एक घनमीटर मातीच्या वजनाची. तुमच्याकडे मोजलेला घनभार नसतो. सॉफ्टवेअर तो क्यूसी आणि घर्षणावरून अंदाजाने काढते, आणि त्या अंदाजामागे कणांचे विशिष्ट गुरुत्व २.६५च्या आसपास धरलेले असते. प्यूमिसचा कण पोकळ. त्याचे विशिष्ट गुरुत्व २च्या आसपास, कधी त्याहून खाली. एक हिशेब करून पाहा. भूजल पातळी १ मीटरवर, आपला थर ६ मीटर खोल. घनभार सरसकट १८ किलोन्यूटन प्रति घनमीटर धरला तर एकूण दाब १०८ किलोपास्कल, पाण्याचा ४९, उरलेला परिणामी दाब ५९. एकूण आणि परिणामी दाबाचे गुणोत्तर १.८३. आता घनभार १५ धरा. एकूण ९०, पाणी तेवढेच ४९, परिणामी ४१. गुणोत्तर २.२. सीड आणि इड्रिस यांच्या १९७१च्या सूत्रात भूकंपाचा ताण याच गुणोत्तराने गुणला जातो. म्हणजे फक्त घनभार चुकल्याने भूकंपाची मागणी, म्हणजे जमिनीवर येणारा ताण, सुमारे १७ टक्क्यांनी कमी दाखवली गेली. क्यूसीच्या दुरुस्तीतही तोच परिणामी दाब असतो, त्यामुळे तीही हलते. दोन्ही बदल एकमेकांना किती खोडतात हे थरावर अवलंबून आहे. ते बघायचे तर खरा घनभार टाकूनच बघावे लागते, आणि त्यासाठी पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागत नाही.

दुसरी चूक मला जास्त सतावते. ती आयसीची. मातीचा प्रकार ओळखणारा हा निर्देशांक क्यूसी कमी झाला की वाढतो. प्यूमिसच्या स्वच्छ वाळूत क्यूसी कण फुटल्यामुळे कमी येतो, आयसी वर सरकतो, आणि सॉफ्टवेअरला ती वाळू गाळासारखी वाटू लागते. मग ते तिच्यात नसलेला बारीक कणांचा अंश गृहीत धरते आणि त्याबद्दल रोध वाढवून देते. आयसी २.६ ओलांडून गेला तर तो थर 'चिकणमातीसारखा, द्रवीकरण नाही' म्हणून हिशेबातूनच गळतो. आलेखावर तिथे शांत हिरवा पट्टा येतो. शेजारच्या बोअरमधली चाळणी-चाचणी काढून पाहिली तर त्याच खोलीवर ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जेमतेम काही टक्के माल खाली गेलेला! म्हणजे निव्वळ वाळू, भूजलाखाली, आणि आपण ती यादीतून वगळलेली.

एक चूक जमिनीला दुबळी ठरवते, दुसऱ्या दोन तिला बळकट ठरवतात. तिन्हींची बेरीज कुठल्या बाजूला जाते हे सॉफ्टवेअर सांगत नाही. त्यामुळे इथे 'सुरक्षित बाजू' नावाची गोष्टच शिल्लक राहत नाही. आपण फक्त एक आकडा छापलेला असतो.

आणि समजा तो आकडा खरेच जास्त भीती दाखवणारा असला, तरी त्याची किंमत कोणीतरी मोजतेच. हॅमिल्टनच्या नव्या वसाहतींत प्लॉट घेणारी बरीच जोडपी तुमच्या-माझ्या वयाची आहेत. त्यांत मराठी कुटुंबेही कमी नाहीत. रिपोर्टमध्ये द्रवीकरण 'तीव्र' लिहिले की जाड राफ्ट, दगडी स्तंभ, खोल पाइल असे महागडे पाये मागोमाग येतात. नोव्हेंबर २०२१पासून देशभर द्रवीकरणाची शक्यता असलेली जमीन 'चांगली जमीन' या व्याख्येतून बाहेर गेली आहे. अशा जागी नेहमीचा साधा पाया घालून मोकळे होता येत नाही, खास डिझाइन करावे लागते. हा नियम मला पूर्ण मान्य आहे. क्राइस्टचर्चमध्ये २०१०-११च्या भूकंपांनंतर सुमारे ८ हजार घरांची जमीन कायमची सोडून द्यावी लागली, त्यानंतर असा नियम हवाच होता. पण नियम कडक झाला की त्याला पुरवल्या जाणाऱ्या आकड्याची जबाबदारीही तेवढीच वाढते.

जमीन सुधारण्याच्या कामात तर याची आणखी विचित्र अवस्था होते. कंत्राटदार जमीन ठासतो आणि काम झाले हे सिद्ध करायला पुन्हा सीपीटी घेतो. प्यूमिसमध्ये घनता वाढली तरी क्यूसी वाढत नाही, हे वर लिहिलेच आहे. मग काम नापास ठरते, पुन्हा ठासले जाते, कण आणखी चुरडले जातात, पुन्हा चाचणी. तुमच्याकडे 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन फाइली तुलनेसाठी आल्या आणि दोन्ही रेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या, तर निष्कर्ष लिहिण्यापूर्वी थांबा आणि वाळू कसली आहे ते विचारा.

इथपर्यंत वाचून कोणी उलट टोकाला जाऊ नये म्हणून बे ऑफ प्लेंटीतल्या एजकम गावच्या भूकंपाची आठवण करून देते. २ मार्च १९८७ला दुपारी रंगिताइकीच्या मैदानात ६.५ तीव्रतेचा भूकंप झाला. मुख्य धक्क्याच्या काही मिनिटे आधी एक छोटा धक्का बसला, बरेच लोक इमारतींबाहेर आले, आणि त्यामुळे फार मोठी हानी टळली. पण नदीकाठी ठिकठिकाणी वाळू-पाण्याचे उमाळे आले, काठ नदीकडे सरकले. फाकाताने गावच्या लँडिंग रोड पुलाचे खांब आणि पाइल सरकत्या जमिनीने रेटले, पुढे कित्येक वर्षे तो पूल अभ्यासाचा विषय होता. या मैदानाच्या गाळात प्यूमिस भरपूर आहे. त्यामुळे 'प्यूमिस आहे म्हणजे लिक्विफॅक्शन होत नाही' असे कोणी मीटिंगमध्ये म्हटले तर त्याला एजकम दाखवा. कोवळा, सैल, पाण्याने भरलेला प्यूमिसचा गाळ द्रवरूप होतो. आपली अडचण एवढीच की सैल कोणता आणि घट्ट कोणता, हे आपले लाडके उपकरण सांगू शकत नाही.

जपानने हा धडा वेगळ्या बाजूने घेतला. होक्काइडोत ६ सप्टेंबर २०१८ला पहाटे तीन वाजून सात मिनिटांनी भूकंप झाला. सगळ्या जगाने आत्सुमाच्या डोंगरांवरून सुटलेल्या प्यूमिसच्या हजारो दरडी पाहिल्या. मला जास्त महत्त्वाचे वाटते ते सापोरो शहराच्या कियोता भागातले साटोझुका. तिथे जुनी दरी शिकोत्सु ज्वालामुखीच्या मातीने भरून वर वसाहत केली होती. त्या पहाटे भरावाखालचा ओला थर द्रवरूप झाला आणि जुन्या दरीच्या उताराने जमिनीखालून वाहत गेला. खाली रस्त्यावर चिखल बाहेर पडला आणि वर घरांखालची जमीन काही ठिकाणी दोन मीटरहून जास्त खचली. कियोतात २००३च्या टोकाची-ओकी भूकंपातही द्रवीकरण झाले होते. तीच माती मूळ जागी हजारो वर्षे चिकटून, एकमेकांत रुतून उभी असते. कागोशिमाच्या शिरासूचे कडे तर जवळजवळ उभे असतात. पण खोदून, हलवून, पुन्हा भरली की त्या हजारो वर्षांचा हिशेब शून्यावर येतो.

हॅमिल्टनमध्ये हे का लक्षात ठेवायचे? कारण इथे नदीला मिळणाऱ्या खोल घळी सगळ्या शहरभर आहेत. त्यांच्या कडेने किंवा त्या बुजवून सपाट केलेल्या जागांवर बांधकामे झाली आहेत. भराव आणि मूळ हिनुएरा यांच्यातली सीमा सीपीटीच्या रेषेत दिसेलच असे नाही, कारण दोन्हीकडे कण तेच आणि फुटणेही तेच. जुना नकाशा, जुनी हवाई छायाचित्रे, समोच्च रेषा ही कागदपत्रे या कामात कोनाइतकीच महत्त्वाची आहेत. ती तुमच्याकडे पाठवणे आमचे काम. आली नाहीत तर मागणे तुमचे.

"वायकाटोत भूकंप होतातच कुठे" हेही ऐकायला मिळते. वेलिंग्टनच्या तुलनेत इथला धोका कमी आहे, हे बरोबर. पण हौराकीच्या सपाटीत केरेपेही ही सक्रिय प्रस्तरभंग रेषा आहे, आणि हॅमिल्टन खोऱ्यातही गेल्या काही वर्षांत वायकाटो विद्यापीठाच्या डेव्हिड लोव्ह, विकी मून यांच्या गटाने पूर्वी कोणाला माहीत नसलेल्या भंगरेषांच्या खुणा शोधल्या आहेत. हे लोक आसपासच्या तळ्यांच्या तळातले राखेचे थरही तपासत आहेत. पूर्वीच्या भूकंपांत ते थर द्रवरूप होऊन विस्कटले होते का, हे पाहण्यासाठी. या मातीचा खरा इतिहास मातीकडूनच विचारण्याची ही पद्धत मला फार आवडते. आपल्या रोजच्या कामात तेवढी सवड नसते, पण दिशा तीच हवी.

मग करायचे काय? सर्वांत उपयोगाची गोष्ट म्हणजे कर्तन तरंगाचा, म्हणजे जमिनीला आडवे हलवत जाणाऱ्या तरंगाचा, वेग. त्यासाठीच्या सीपीटीत कोनाच्या वर भूकंपमापक बसवलेला असतो. दर मीटरला थांबून ट्रकखाली दाबून ठेवलेल्या तुळईवर घण मारायचा आणि तरंग खाली पोचायला किती वेळ लागला ते मोजायचे. हा तरंग इतका हलका असतो की एकही कण फुटत नाही. जमीन जशी आहे तशी, तिच्या वयासकट, तो तिच्यातून जातो. न्यूझीलंडच्या भूकंप-भूतंत्र मार्गदर्शिकेचे तिसरे मॉड्यूल प्यूमिसच्या मातीत भेदन-चाचण्यांवर (सीपीटी, एसपीटी) विसंबू नका असा इशारा देते. ते तुमच्या सर्व्हरवर नक्की असेल. अँड्रस आणि स्टोको यांची २०००ची किंवा केयन आणि सहकाऱ्यांची २०१३ची तरंगवेगाची पद्धत सीपीटीच्या शेजारी ठेवून चालवा. दोन उत्तरे जुळली नाहीत तर ते लपवू नका. रिपोर्टमधले सर्वांत मोलाचे पान तेच असते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. मोजलेला तरंगवेग आणि सीपीटीवरून अंदाजलेला तरंगवेग यांचे गुणोत्तर एकापेक्षा बरेच जास्त आले की ते जमिनीच्या वयाचे लक्षण मानून रोध वाढवण्याची पद्धत आहे. प्यूमिसमध्ये हे गुणोत्तर फुगते, कारण ज्याने भागायचे तो सीपीटीचा अंदाजच कण फुटल्याने खाली गेलेला असतो. वय किती आणि फुटणे किती, हे त्या एका गुणोत्तरातून वेगळे करता येत नाही. वयाची सवलत द्यायचीच असेल तर ती भूशास्त्रीय नकाशावरून सिद्ध करा. तो थर खरेच हिनुएराचा आहे आणि कोणी तो उकरलेला नाही, हे दाखवा आणि मगच द्या.

दाब-तरंगाचा वेग मिळाला तर तोही वाया घालवू नका. पूर्ण संपृक्त मातीत तो सेकंदाला १५०० मीटरच्या आसपास जातो. भूजल पातळीखालीही तो बराच कमी दिसला तर तिथे हवा अडकलेली असू शकते, आणि थोडीशी अडकलेली हवाही पाण्याचा दाब चढायला अटकाव करते. महत्त्वाच्या इमारतीसाठी मात्र नमुना काढून प्रयोगशाळेत चक्रीय चाचणी करण्याला पर्याय नाही. जेल-पुश सॅम्पलरसारखी साधने त्यासाठीच आहेत. खर्च मोठा असतो, पण पाइलच्या एका रांगेच्या खर्चापुढे तो फारसा नाही.

हे सगळे दरवेळी जमणार नाही हे मला माहीत आहे. एका साध्या घराच्या फाइलला तुमच्याकडे काही तासच मिळतात. तेवढ्यात निदान एवढे बघा: थर नकाशावर कोणत्या फॉर्मेशनचा आहे, बोअरलॉगच्या वर्णनात प्यूमिस हा शब्द कुठे आला आहे, घनभार मोजलेला आहे की गृहीत, आणि आयसीने वगळलेल्या थरांपैकी एखाद्याची चाळणी-चाचणी उपलब्ध आहे का. यातले काही नसेल तर 'प्यूमिसयुक्त माती, सीपीटीवरील निष्कर्ष अपुरे' हे वाक्य रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहा. परिशिष्टात ते कोणी वाचत नाही. आणि इकडचा वरिष्ठ ते वाक्य काढून टाकायला सांगत असेल तर कारण लेखी मागा. तुम्ही वयाने लहान आहात, दूर आहात, कंत्राटाच्या पलीकडच्या टोकाला आहात, म्हणून हे विचारण्याचा हक्क तुम्हाला नाही असे समजू नका. तक्ता तुम्ही भरता. त्यात काय गृहीत धरले आहे हे तुमच्याइतके जवळून दुसरे कोणी पाहत नाही.

आता दोन शब्द दोन्ही देशांतल्या वरिष्ठांसाठी, कारण पत्र खुले आहे. वायकाटो आणि बे ऑफ प्लेंटीच्या प्रत्येक कामात निदान एका सीपीटीला तरंगवेगाची जोड द्या आणि तो खर्च निविदेतच धरा, नंतर मागितला की तो कधीच मिळत नाही. सॉफ्टवेअरची जी मूळ टेम्प्लेट पुण्याला पाठवता, तिच्यात घनभार आणि बारीक अंशाचे रकाने रिकामे ठेवा, म्हणजे ते भरल्याशिवाय गणित पुढे जाणार नाही. आणि हिनुएराची एक, टाउपोच्या कोवळ्या गाळाची एक, अशा दोन पिशव्या तिकडच्या ऑफिसात पोचवा. मातीचे नमुने भारतात नेण्याची परवानगी वेळखाऊ आहे, पण निर्जंतुक करून, कागदपत्रे पूर्ण करून ते नेता येतात. ते होईपर्यंत आम्ही व्हिडिओ कॉलवर पिशवी उघडून दाखवू. गुरुवारी तुमची सकाळ असते तेव्हा माझी दुपार असते, आणि मला ते आनंदाने जमेल. पेला, भिंग आणि वाळू मी तयार ठेवते, तुम्ही शेजारी चाळणीचे निकाल आणि सीपीटीचा आलेख उघडा ठेवा.

तुमची,
हॅमिल्टनमधली एक सहकारी